एका अक्षराचा फरक, पिढ्यांचे दुखणे

मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला. सतरा राज्यांतील आदिवासीबहुल भागांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपुष्टात आणायचा, असे या मोहिमेचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा वेग वाखाणण्यासारखा आहे, हे मान्य करावे लागेल. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यात सुमारे २ लाख १५ हजार रुग्ण आणि १६ लाख ७० हजारांच्या आसपास वाहक आढळले. रुग्णांपैकी बहुतांश ओडिशा, मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील आहेत.

महाराष्ट्रात सिकलसेल म्हटले की गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट ही नावे पुढे येतात. नगरचे (२०२४ मध्ये अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या जिल्ह्याचे) नाव या चर्चेत सहसा येत नाही. साखर कारखाने, सहकार, दुष्काळ आणि शिर्डी या चौकटीत बसविलेला हा जिल्हा आदिवासींचाही आहे, याचा विसर बाहेरच्यांना पडतोच. पण जिल्ह्याच्या मुख्यालयालाही तो अधूनमधून पडत असावा. राज्यातील सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र ही सरासरी फसवी आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या कुशीतील अकोले तालुक्यात जवळपास निम्मी लोकसंख्या आदिवासी आहे. त्यात महादेव कोळी आणि ठाकर प्रमुख. त्यांच्यासाठी राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. दुसरीकडे प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठाने राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव या बागायती तालुक्यांत भिल्ल समाजाच्या वस्त्या विखुरलेल्या आहेत. तालुक्याच्या लोकसंख्येत त्यांचा टक्का लहान असल्याने 'आदिवासीबहुल' या सरकारी शब्दात त्या सहजासहजी मावत नाहीत.

येथेच खरा प्रश्न सुरू होतो. महाराष्ट्रातील सिकलसेलचा आढावा घेणारे एक संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार राज्यातील वेगवेगळ्या जमातींत या जनुकाचे प्रमाण शून्यापासून ३५ टक्क्यांपर्यंत आहे आणि ते ज्यांच्यात सर्वाधिक आहे अशा जमातींत माडिया, पावरा, प्रधान यांच्याबरोबर भिल्लांचाही समावेश आहे. भिल्ल नंदुरबारमध्ये आहेत, तसे राहुरीतही आहेत. म्हणून खानदेशातील टक्केवारी उचलून प्रवरेच्या काठी चिकटवावी, असे मात्र नव्हे. जमातीचे नाव एक असले तरी सोयरिकीची वर्तुळे वेगळी असतात. काही पिढ्या वेगळ्या वर्तुळात लग्ने होत राहिली की जनुकांचे प्रमाणही वेगळे होते. या जिल्ह्यातील प्रमाण जाणून घ्यायचे असेल, तर याच जिल्ह्यातील वस्त्यांवर जाऊन तपासणी करण्याला पर्याय नाही.

चूक म्हणावी काय?

हा आजार नेमका कशाने होतो, हे विसाव्या शतकातील जीवशास्त्राने जितक्या स्वच्छपणे सांगितले, तितके फार थोड्या आजारांबाबत सांगता आले आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे दाखवून दिले आणि 'रेणूचा आजार' ही कल्पना वैद्यकात आणली. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका कोठे आहे, हे शोधले. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. तिच्यातील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच तो फरक. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात 'ए' या अक्षराच्या जागी 'टी' पडल्याने हे घडते. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीतील हे एक अक्षर. प्राणवायू सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून ताठ दोरे तयार करते, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. त्यामुळे रक्तक्षय कायमचा, आणि रक्तवाहिनी तुंबली की हाडे पिळवटून काढणाऱ्या वेदना. प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांपैकी कशालाही इजा होऊ शकते. थंडी, ताप, शरीरातील पाणी कमी होणे आणि अतिश्रम ही वेदनेच्या झटक्याला निमंत्रणे ठरतात. बांधावर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी अतिश्रम टाळावेत हा सल्ला कागदावर जितका सोपा, तितकाच प्रत्यक्षात अवघड.

आपल्याकडे या जनुकाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. मध्य भारतातील, नागपूर परिसरातील नोंदी त्याच दशकाच्या अखेरीस आल्या.

पाठ्यपुस्तके या बदलाला सर्रास 'चूक' म्हणतात. हा शब्द जरा जपून वापरावा, असे वाटते. आई आणि वडील दोघांकडूनही हे जनुक आले तरच मूल आजारी होते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक ठरते आणि एरवी निरोगी आयुष्य जगते. शिवाय वाहकाला मलेरियाच्या घातक रूपापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीवरून १९५४ मध्ये मांडले आणि ते पुढे पुन:पुन्हा सिद्ध झाले. ज्या जंगलपट्ट्यांत हिवतापाने पिढ्यान्पिढ्या मुले दगावली, तेथे हे जनुक टिकले ते उपयोगी होते म्हणून. आदिवासींच्या रक्तात काही 'दोष' आहे, असा सूर शहरी बोलण्यात अनेकदा उमटतो. तो अज्ञानातून येतो. त्यातच हा आजार केवळ आदिवासींचा नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीय समाजांतही तो लक्षणीय आहे.

झाकलेले जनुक

जनुक आहे म्हणून आजार आहे, इतके हे गणित सरळ नाही. या आजारातील सर्वांत उद्बोधक भाग बाळाच्या वाढीशी निगडित आहे. गर्भात बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते, आणि तिचे जनुक वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे काम थांबत जाते आणि बीटाचे सुरू होते. म्हणूनच सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसते आणि मग एक दिवस त्याचे हात-पाय सुजतात, ते कळवळून रडू लागते. घरच्यांना ही नजर लागलेली वाटते, तर कधी डॉक्टरांना संधिवात. जनुक पहिल्या दिवसापासूनच हजर होते. ते फक्त झाकलेले होते.

हे झाकण कोण काढते, याचा शोध २००८ च्या सुमारास लागला. बीसीएल-११ए नावाचे जनुक गॅमा साखळीचे उत्पादन बंद पाडते, असे बोस्टन येथील संशोधकांनी दाखविले. काही माणसांत मोठेपणीही गर्भातील हिमोग्लोबिन बऱ्यापैकी टिकून राहते आणि अशांना सिकलसेलचा त्रास कमी होतो. भारतातील रुग्णांत हे प्रमाण आफ्रिकी रुग्णांपेक्षा साधारणपणे जास्त आढळते. त्यावरून 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य' असा एक समज वैद्यकीय वर्तुळातही बरीच वर्षे रुजला. तो अर्धसत्य आहे. मुंबईच्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेच्या आणि नागपूरच्या डॉक्टरांच्या अभ्यासांतून असे दिसते, की दक्षिण गुजरातमधील आदिवासी रुग्णांत आजार तुलनेने सौम्य आहे, तर नागपूर भागातील अनेक रुग्णांत तो चांगलाच उग्र रूप धारण करतो. मूळ अक्षरबदल तोच. गुजरातेतील आदिवासींत अल्फा थॅलेसेमियाचे जनुक मोठ्या प्रमाणात आहे आणि त्याची जोड मिळाली की सिकलसेलची धार बोथट होते, हे त्याचे एक कारण. एका जनुकाचा आजार म्हणून ज्याचा धडा शिकविला जातो, तोही असा शेजारच्या जनुकांच्या संगतीने ठरतो. नगर जिल्ह्यातील रुग्णांचा आजार यातील कोणत्या प्रकाराला जवळचा, हे नागपूर किंवा वलसाडच्या अनुभवावरून सांगता येणार नाही.

नगर जिल्ह्याबाबत आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. गळीत हंगामात खानदेशातून ऊसतोडीच्या टोळ्या येथील कारखान्यांवर येतात आणि कोप्यांतून राहतात. जनुके तालुक्याची हद्द ओळखत नाहीत. ज्या गावी तपासणी झाली त्या गावी माणूस सहा महिने नसतो आणि जेथे असतो तेथे तो मोजला जात नाही. दुसरी गोष्ट थॅलेसेमियाची. फाळणीनंतर श्रीरामपूर, नगर या शहरांत स्थायिक झालेल्या सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा (ती तीन ते चार टक्के मानली जाते) अधिक असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. एक पालक सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर त्यांच्या मुलालाही सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. तपासणी केवळ जमातीच्या दाखल्यावर बेतली, तर असे जोडपे चाळणीतून निसटते.

तपासणीनंतर काय?

प्राथमिक तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन विद्राव्यता चाचणी केली जाते. ती स्वस्त आहे, शाळेच्या व्हरांड्यातही करता येते. पण तिच्या मर्यादा जाणून घेतल्या पाहिजेत. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. तान्ह्या बाळांत तर ती निरुपयोगीच, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्या वयात गर्भातील हिमोग्लोबिनच जास्त असते. अलीकडे हातात मावतील अशा पट्ट्या आल्या आहेत आणि त्या हा भेद जागेवरच दाखवतात. तरीही पहिली चाचणी झाली आणि दुसरी राहिली, अशी अवस्था कोणत्याही मोठ्या मोहिमेत उद्भवते. ज्याला 'पॉझिटिव्ह' एवढेच कळले आणि पुढे काहीच कळले नाही, त्याचे अज्ञान तपासणीपूर्वीच्या अज्ञानाहून अधिक क्लेशदायक असते.

मोहिमेत तपासलेल्यांना जनुकीय स्थिती दाखविणारी कार्डे दिली जातात. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. चार मुलांपैकी एकच आजारी होईल, असा याचा अर्थ अनेक जण लावतात. तसे नसते. फासा दर वेळी नव्याने पडतो. समाजाच्या पातळीवर हिशेब असा: आपसांतच सोयरीक करणाऱ्या एखाद्या समाजात दहा टक्के लोक वाहक असतील, तर शंभरात एक जोडपे दोन्ही बाजूंनी वाहक निघेल आणि चारशे जन्मांमागे एक आजारी मूल. वाहक वीस टक्के असतील, तर पंचवीस जोडप्यांमागे एक जोडपे आणि शंभर जन्मांमागे एक आजारी मूल. वाहकांचे प्रमाण दुप्पट झाले की आजारी मुलांचे चौपट होते. मामेबहिणीशी लग्नाची प्रथा जेथे आहे तेथे हा धोका आणखी वाढतो, कारण मामाच्या घरी तेच जनुक असण्याची शक्यता अधिक. ही प्रथा केवळ आदिवासींची नाही, हे नगरच्या वाचकांना सांगायला नको.

सोयरिकीच्या लहान वर्तुळांचा हा प्रश्न एकूणच भारतीय आहे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले गेले. त्यांपैकी ८१ गटांत मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांहून आणि अश्केनाझी ज्यूंहूनही ठळक निघाल्या. जनुकीय आजारांच्या संशोधनात हे दोन समाज जगभर दाखले म्हणून दिले जातात. म्हणजे प्रत्येक जातीच्या पोटात तिचा तिचा एखादा लपलेला आजार असू शकतो आणि आपल्याकडे सिकलसेलखेरीज बाकीच्यांचा शोध अजून बराच बाकी आहे. २०२५ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाच्या दहा हजार जीनोमच्या भांडारातून त्यावर काही प्रकाश पडेल, अशी अपेक्षा आहे.

पण कार्ड हातात आल्याने लग्न ठरविण्याची रीत बदलते का? जात, जमीन, नोकरी आणि पत्रिका पाहणाऱ्या समाजाने रक्ताचा अहवाल पाहावा, हा आग्रह रास्त आहे. धोका वेगळाच आहे. 'वाहक' आणि 'रुग्ण' यांतला फरक लोकांच्या मनात उतरला नाही, तर वाहक मुलीचे लग्न मोडते आणि वाहक मुलगा कार्ड पेटीत ठेवून बोहल्यावर चढतो. वाहकाने वाहक नसलेल्याशी विवाह केल्यास त्यांच्या मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. जोडीदाराच्या रक्तात थॅलेसेमिया नाही एवढी खात्री मात्र करावी. हे वाक्य कार्डावर जितक्या ठळक अक्षरांत छापावे तितके थोडेच. 'निर्मूलन' या शब्दाचाही येथे खुलासा हवा. वाहकांचे आपसांतील सर्व विवाह टळले, तरी जनुक पुढच्या पिढ्यांत जातच राहणार. आजारी जन्म कमी होतील; जनुक संपणार नाही, आणि आज जे दोन लाखांवर रुग्ण हयात आहेत त्यांचे दुखणे तर मुळीच संपणार नाही.

ज्या जोडप्यांचे लग्न होऊन गेले आहे त्यांच्यासाठी गर्भजल वा गर्भवेष्टनाची जनुकीय तपासणी हा मार्ग आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशा तपासणीस स्पष्ट परवानगी दिली आहे. अडचण कायद्याची नाही, कॅलेंडरची आहे. गर्भवेष्टनाचा नमुना दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास घेतला जातो आणि त्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते. त्याआधी पती-पत्नी दोघांचेही रक्त तपासून झालेले हवे. अकोले तालुक्यातील एखाद्या वाडीवरच्या गर्भवतीची नोंदच जर तिसऱ्या महिन्यात झाली, तर ही वाट तिच्यासाठी बंद झालेली असते. स्वतःच्या जिल्ह्याचे मुख्यालयच येथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. या लोकांची खरी धाव संगमनेर आणि नाशिककडे असते.

उपचारांत सर्वांत कामाची गोष्ट सर्वांत जुनी आहे. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी गर्भातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते आणि वेदनेचे झटके कमी करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात किलोमागे दहा मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेनेही चांगला गुण येतो, असे दाखवून दिले. गोळी महाग नाही. मात्र ती रोज घ्यावी लागते आणि रक्तपेशींची मोजणी ठरावीक काळाने करावी लागते. म्हणजे गोळी, तंत्रज्ञ आणि मोजणी यंत्र हे तिन्ही तालुक्याच्या ठिकाणी एकाच दिवशी भेटले पाहिजेत. जोडीला बाळांना पेनिसिलिन, लसी आणि रक्ताची सोय. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांना दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले आहे. त्या प्रमाणपत्रासाठीही पुन्हा फेऱ्या आल्याच.

याच्या दुसऱ्या टोकाला जनुक-संपादन उभे आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या मूळ रक्तपेशी बाहेर काढून, त्यांतील बीसीएल-११ए या जनुकाला चाप लावून त्या परत सोडायच्या, की गर्भातील हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. बालपणी बंद झालेले दार मोठेपणी उघडण्याचाच हा प्रकार. मान्यतेच्या वेळी अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या घरात होती. दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवशास्त्र संस्थेने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'बिरसा १०१' हा देशी उपचार जाहीर केला आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तंत्रज्ञान हस्तांतराचा करार केला, ही या पार्श्वभूमीवर मोठीच बातमी होय. चाचण्यांचे टप्पे ओलांडून तो उपचार रुग्णांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. किंमत कितीही खाली आली, तरी नव्या पेशी सोडण्याआधी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते आणि कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, हा भाग सुटत नाही.

जाता जाता एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांची बियाणे जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. वाल, भात, नागली यांचे कोणते वाण कोणत्या घरात आहे, याची नोंद येथे बायकांनी ठेवली आणि जगाने तिची दखल घेतली. माणसांच्या बाबतीत अशी घरवार, खात्रीची आणि घरच्यांच्याच ताब्यात राहणारी नोंद अजून व्हायची आहे. राजूर प्रकल्पाच्या आश्रमशाळांतील मुलांची तपासणी हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग. मुले एकत्र असतात, वर्षभर हाताशी असतात. मात्र बाराव्या वर्षी झालेल्या तपासणीचा उपयोग विशीत, लग्नाच्या बैठकीत व्हायचा असतो. मधल्या आठ-दहा वर्षांत शाळा सुटते, मुलगा नारायणगावला किंवा नाशिकला कामाला जातो, मुलगी सासरी जाते. ते कार्ड तोवर कोणाकडे असेल, मुख्याध्यापकांच्या कपाटात, आरोग्य खात्याच्या संगणकात की त्या मुलांच्या हातात, हे तपासणीच्या दिवशीच ठरलेले असायला हवे.